लहान घरात रिमोटच्या गाड्या ठेवायच्या कशा आणि मांडायच्या कशा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घर लहान, मोकळी भिंत एकच, साधारण अडीच मीटर रुंदीची. गाड्या बारा: १/१० मापाच्या (खऱ्या गाडीच्या एक-दशांश) तीन टूरिंग (सपाट रस्त्यावरच्या रेसिंग गाड्या), दोन क्रॉलर (दगडांवरून हळू चढणाऱ्या) आणि एक शॉर्ट कोर्स ट्रक (मातीवरचा रेसिंग ट्रक), १/८ ची एक इलेक्ट्रिक बगी आणि एक नायट्रो (मेथॅनॉल असलेल्या इंधनावर, इंजिनाने चालणारी) बगी, शिवाय १/२४ च्या चार छोट्या. जमेल तेवढ्या समोर दिसायला हव्यात, चालवायला काढताना हाताशी हव्यात, आणि खोलीत वावरायची जागा अडता कामा नये.

हे जमण्यासारखं आहे. पण फळ्या आणि ब्रॅकेट आणायच्या आधी एक गोष्ट मनाशी पक्की करा. रिमोटची गाडी ठेवायची म्हणजे चार वस्तूंची सोय लावायची: बॉडी (वरचं रंगवलेलं कवच), चॅसिस (चाकं आणि यंत्रासकट खालचा सांगाडा), बॅटरी आणि रिमोट. या चौघांच्या गरजा वेगळ्या आहेत. बॉडी दिसायला हवी आणि ऊन टाळायला हवं. चॅसिसला कोरडी जागा हवी आणि टायरवर भार नको. बॅटरी बाकी सगळ्यांपासून लांब हवी. रिमोट एकच पुरतो, तो कुठेही मावतो. चौघांना एकत्र बांधून प्रत्येक गाडीला खोक्याएवढी जागा देत बसलात, तर सहा गाड्यांत भिंत संपेल.

आता मापं. टूरिंग गाडीची रुंदी १९ सें.मी., बॉडीसकट लांबी ४३ ते ४५ आणि उंची १३ च्या आसपास. क्रॉलर बंपरसकट ५० सें.मी.पर्यंत जातो आणि उंचीला २० ते २५. शॉर्ट कोर्स ट्रक साधारण ५६ लांब आणि ३० रुंद. १/८ बगी ५० लांब, ३१ रुंद आणि वजनाला बॅटरीसकट साडेतीन किलोच्या घरात. १/२४ ची गाडी २० सें.मी. लांब, १० रुंद. तुमच्या गाड्यांची मापं टेप लावून स्वतः घ्या, कारण बंपर, स्पॉयलर आणि टायर बदलले की दोन-चार सें.मी.चा फरक सहज पडतो. उंचीचं माप मात्र विसरू नका. लोक तिथेच जागा घालवतात. तयार मांडणीत सगळ्या फळ्या सारख्या अंतरावर, बहुतेक वेळा फूटभर अंतरावर असतात. त्यात टूरिंग ठेवली की तिच्या डोक्यावर तिच्याहून जास्त हवा उरते. म्हणून भिंतीला खाचांच्या उभ्या पट्ट्या लावून त्यात ब्रॅकेट अडकवायची पद्धत मला सगळ्यात आवडते. फळी वर-खाली करता येते. टूरिंगसाठी दोन फळ्यांत २० सें.मी. पुरे: १३ गाडीचे, ७ सें.मी. हात घालून उचलायला. क्रॉलरला ३० द्या.

फळीची खोली ठरवताना गाडी भिंतीला समांतर, म्हणजे कुशीवरून दिसेल अशी ठेवायची असं धरा. नाक बाहेर काढून ठेवली तर अर्ध्या मीटरची फळी खोलीत घुसते आणि येता-जाता खांदा लागतो. गाडीचं रूपही कुशीवरूनच पूर्ण दिसतं.

टूरिंगसाठी मात्र फळीही नको. त्यांना नाक वर करून भिंतीवर टांगा. हिशेब बघा: भिंतीला समांतर ठेवली तर मीटरभर भिंतीत दोन गाड्या बसतात. नाक वर करून टांगली तर एक गाडी १९ सें.मी. रुंदी घेते, मधे चार-पाच सोडले तरी मीटरभरात चार बसतात, आणि भिंतीपासून पुढे येतात फक्त १३ सें.मी. छत आणि बॉनेट खोलीकडे, चॅसिसचं तळ भिंतीकडे. रंगकाम आणि स्टिकर एका नजरेत दिसतात.

टांगण्याची पद्धत नीट सांगतो, कारण बाजारात मिळणारे बरेच हुक पुढच्या टायरखाली आधार देतात आणि ते मला पसंत नाही. गाडी महिनोन्‌महिने टायरवर लटकली की मऊ रबर आणि आतला फोम तेवढ्याच जागी दबतो. आधार द्यायचा तो पुढच्या खालच्या सस्पेन्शन आर्मच्या (चाकाला चॅसिसशी जोडणाऱ्या दांडीच्या) मुळाशी, चॅसिसला लागून. गाडी उलटी करा, पुढचे दोन आर्म चॅसिसला जिथे जोडले आहेत तिथे चॅसिसची रुंदी मोजा, आणि त्याहून थोड्या जास्त अंतरावर एका लाकडी पट्टीत दोन खुंट्या बसवा. खुंटी म्हणजे आठ मि.मी.चा गोल दांडा पुरतो, आठ-नऊ सें.मी. लांब, टोक जरासं वर उचललेलं, म्हणजे गाडी पुढे सरकणार नाही. दांड्यावर सिलिकॉनची नळी चढवा.  गाडी वरून खाली सोडली की आर्म खुंट्यांवर बसतात आणि मागचे टायर भिंतीला नुसते टेकतात. ते जिथे टेकतात तिथे पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चिकटवा, नाहीतर रंगावर काळा डाग पडतो आणि तो निघत नाही.

उभ्या टांगलेल्या गाडीबद्दल एक शंका नेहमी येते: शॉकमधलं, म्हणजे धक्के शोषणाऱ्या नळीतलं, तेल गळेल का? सील चांगले असतील तर नाही. सील झिजलेले असतील तर गळेल, पण ते आडव्या गाडीतही गळणारच, फक्त इथे लवकर कळेल. टांगल्यावर पहिल्या आठवड्यात शॉकच्या दांड्याला बोट लावून बघा. तेलकट लागलं तर ओ-रिंग (सीलची रबरी कडी) बदलायची वेळ झाली आहे. आणि चालवण्याआधी गाडी चाकांवर ठेवून सस्पेन्शन आठ-दहा वेळा दाबा, म्हणजे तेलात मिसळलेली हवा वर जाते आणि चारही शॉक सारखे वागतात.

१/८ बगी टांगू नका. टांगता येत नाही असं नाही, पण साडेतीन किलोचं धूड डोक्याच्या उंचीवर कशाला? ती आणि तिच्या वजनाच्या सगळ्या गाड्या खालच्या फळीवर. फळी भिंतीला कशी धरली आहे याकडे लक्ष द्या. विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत प्लग ठोकून स्क्रू लावला की काम होतं. जिप्सम बोर्डच्या भिंतीत मात्र नुसत्या बोर्डवर विसंबू नका, मागचा उभा सांगाडा शोधा आणि स्क्रू त्यातच जाऊ द्या. चार जड गाड्या मिळून दहा-बारा किलो होतात, त्यात फळीचं स्वतःचं वजन. अॅक्रिलिकची फळी दिसायला छान, पण लांब अंतरावर ती हळूहळू मधे झुकते, म्हणून छोट्या गाड्यांसाठीच वापरा. जड गाड्यांना १८ मि.मी.चं प्लायवूड आणि दर ६० सें.मी.ला एक ब्रॅकेट.

क्रॉलरचे टायर फार मऊ असतात, त्यांची थोडी जास्त काळजी घ्यावी लागते. एका जागी उभ्या क्रॉलरच्या टायरला खालून सपाट पट्टी पडते, आणि मऊ रबरातलं तेलकट द्रव्य फळीच्या रंगात किंवा सनमायकाच्या कडेच्या प्लास्टिकमध्ये उतरून चिकटून बसतं. उपाय साधा आहे: चॅसिसच्या मधोमध खाली एक ठोकळा. ठोकळ्याची उंची अशी की चाकं फळीला जेमतेम टेकतील किंवा एखादा मि.मी. वर राहतील. लाकडी ठोकळा काळा रंगवला की तीन हातांवरून दिसतही नाही, गाडी स्वतःच्या पायावर उभी आहे असंच वाटतं. ज्यांना ठोकळा नको त्यांनी निदान टायरखाली पॉलिप्रॉपिलीनची पातळ शीट घालावी. फायलींची पारदर्शक कव्हरं बहुधा त्याचीच असतात, ती कापून चालतात.

१/२४ च्या चौघींना फोटो ठेवायची अरुंद फळी घ्या, १२ सें.मी. खोल, पुढे बोटभर कठडा असलेली. कठडा महत्त्वाचा, कारण या गाड्या हलक्या असतात आणि दार आपटलं तरी सरकतात. चार गाड्या एका रांगेत मीटरभर फळीवर आरामात बसतात. मिनी-झेडसारख्या १/२७–१/२८ च्या गाड्या असतील तर त्याहून अरुंद फळीही पुरते. अशा फळ्या दाराच्या चौकटीवर, खिडकीच्या बाजूच्या वीतभर पट्टीत, कुठेही लागतात. घरातल्या अशा पट्ट्या आपण मोजतच नाही.

आता बॉडी आणि चॅसिस वेगळं ठेवण्याकडे येतो, कारण जागा खऱ्या अर्थाने तिथे वाचते. पॉलिकार्बोनेटची, म्हणजे आपण लेक्सन म्हणतो ती टूरिंगची बॉडी रंगवून जेमतेम शंभर ग्रॅमची असते. तिला भिंतीवर धरायला काहीच लागत नाही. लाकडी पट्टीवर बॉडी पोस्ट (बॉडी ज्यांवर बसते त्या खुंट्या) बसवा, जुन्या गाडीचे उरलेले असतीलच, आणि त्यांच्यामधलं अंतर गाडीवर आहे तितकंच ठेवा. त्यावर बॉडी चढवून क्लिपा लावल्या की काम झालं. चॅसिस खाली खोक्यात. ज्या गाडीला तीन-तीन बॉड्या आहेत तिच्यासाठी हाच मार्ग: तीन बॉड्या भिंतीवर, एक चॅसिस खणात.

ज्या बॉड्या मांडायच्या नाहीत त्या एकात एक बसवून ठेवता येतात, पण लक्षात घ्या की लेक्सनचा रंग आतल्या बाजूला असतो. एकात एक घातल्या की खालच्या बॉडीचं छत वरच्या बॉडीच्या रंगाला आतून घासतं आणि काढताना ओरखडे पडतात. प्रत्येक दोघींत मऊ सुती कापड घाला, स्पॉयलर आणि आरसे आधी काढून एका पिशवीत ठेवा, आणि पिशवी त्याच बॉडीच्या पोटात. चारच्या वर थर लावू नका, खालच्या बॉडीच्या चाकांच्या कमानी फाकतात. एबीएस या कडक प्लास्टिकच्या जाड बॉड्यांना, म्हणजे खऱ्या गाडीसारख्या दिसणाऱ्या स्केल क्रॉलरच्या, हे लागू नाही. त्या वाकत नाहीत, त्यांची आतली सजावट मोडते. त्या गाडीवरच राहू द्या.

चॅसिससाठी पलंगाखालची जागा उत्तम. चाकांचे, झाकणाचे पारदर्शक प्लास्टिकचे खोके घ्या, पलंगाखालची उंची आधी मोजून. गाडीची चाकं काढून ठेवली तर रुंदी आणि उंची दोन्ही घटतात आणि एका खोक्यात दोनऐवजी तीन चॅसिस मावतात. इथे एक खबरदारी: चाक काढल्यावर नट परत अॅक्सलवर फिरवून ठेवा. तसं केलं नाही तर बऱ्याच गाड्यांत हेक्स (चाक ज्यावर बसतं तो षट्कोनी तुकडा) निघून येतो, त्यामागची दोन मि.मी.ची बारीक पिन खोक्याच्या तळाशी जाते, आणि ती गेल्याचं चालवायच्या दिवशी कळतं. काढलेली चाकं एकावर एक दाबून रचू नका, कडेवर शेजारी शेजारी ठेवा.

बंद खोक्यात जाण्याआधी गाडी कोरडी हवी. इलेक्ट्रॉनिक्स पाण्यापासून सुरक्षित आहेत असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी बेअरिंग स्टीलचेच असतात. ओल्या मैदानातून आलेली गाडी झाकण लावून ठेवली की पंधरा दिवसांत चाक हाताने फिरवताना खरखर ऐकू येते. ब्रशने माती झाडा, हवा मारा, रात्रभर उघडी ठेवा, बेअरिंगला तेलाचा एकेक थेंब द्या आणि मगच आत घाला. सोबत सिलिका जेलच्या पुड्या. तापणारा माळा मी या कामाला वापरत नाही. उन्हाळ्यात छताखाली तापमान फार चढतं, टायर चिकटवलेला डिंक सुटतो आणि स्टिकरच्या कडा उचलतात.

बॅटरीबद्दल मी आग्रहाने सांगतो, इथे जागेची काटकसर करू नका. मांडलेल्या गाडीत लिपो (लिथियम पॉलिमर) बॅटरी कधीही ठेवू नये. बटण बंद असलं तरी अनेक ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारे सर्किट) थोडा प्रवाह ओढत राहतात, बॅटरी हळूहळू तीन व्होल्ट प्रतिसेलच्या खाली जाते आणि कायमची जाते. फुगलेली किंवा आतून बिघडलेली लिपो पेटली तर आजूबाजूला प्लास्टिक, रबर, फोम आणि लाकूड असतं. बॅटरी काढा, चार्जरच्या स्टोरेज मोडवर प्रतिसेल ३.८ व्होल्टला आणा, म्हणजे टू-एसला (दोन सेलच्या बॅटरीला) ७.६ आणि थ्री-एसला (तीन सेलच्या) ११.४, आणि धातूच्या पेटीत ठेवा. पेटी हवाबंद नको, झाकणाची रबरी गॅस्केट काढून टाका किंवा भोकं पाडा, कारण पेटत्या बॅटरीचा वायू कोंडला तर पेटीच फुटते. पेटीची जागा फरशीवर, पडदे आणि पलंगापासून लांब, थंड. पलंगाखाली चॅसिस चालतात, बॅटऱ्या नाहीत. पूर्ण चार्ज, म्हणजे ४.२ व्होल्टला आठवडेच्या आठवडे ठेवलेली बॅटरीही लवकर म्हातारी होते. फुगलेली दिसली तर ती परत वापरू नका आणि रोजच्या कचऱ्यात टाकू नका, बॅटऱ्या गोळा करणाऱ्या ठिकाणी द्या. चार्जिंगसाठी शोकेसच्या खालच्या फळीवर प्लग पॉइंट काढायचा विचार असेल तर सोडून द्या. चार्ज करताना माणूस समोर हवा आणि खाली फरशी किंवा टाइल हवी.

रिमोटचं सोपं आहे. तयार गाड्यांबरोबर आलेले सात-आठ रिमोट एका खणात कोंबलेले असतात आणि कुठला कुणाचा हे शोधण्यात वेळ जातो. मॉडेल मेमरी असलेला एक चांगला पिस्तुली रिमोट घ्या. त्यात दहा-वीस गाड्यांच्या सेटिंग राहतात, प्रत्येक गाडीत त्याच पद्धतीचा रिसीव्हर (रिमोटचा संदेश घेणारा भाग) बसवा आणि गाडीच्या चॅसिसवर मेमरीचा क्रमांक लिहून चिकटवा. चुकीच्या मेमरीने गाडी सुरू करू नका, थ्रॉटलची (वेग देणाऱ्या ट्रिगरची) दिशा उलटी असली तर ती फळीवरूनच उडी मारते. रिमोट खूप दिवस वापरात नसेल तर त्यातले सेल काढा, गळलेल्या अल्कलाइन सेलने स्प्रिंग गंजते.

नायट्रो बगी भिंतीवर नको आणि झोपायच्या खोलीत तर नकोच. टाकी पूर्ण रिकामी करा, उरलेलं इंधन इंजिनातच जळू द्या, मग इंजिनात आफ्टर-रन तेलाचे (चालवून झाल्यावर गंज टाळायला घालायच्या तेलाचे) काही थेंब घालून इंजिनाचं फ्लायव्हील (त्याच्या दांड्यावरचं जड चक्र) दोन-चार फेरे फिरवा. या इंधनातलं मेथॅनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं आणि आतले बेअरिंग गंजवतं. ही गाडी नेहमी आडवी ठेवा. उभी केली तर उरलंसुरलं इंधन आणि तेल नळीतून इंजिनात उतरतं, आणि पुढच्या वेळी स्टार्टर लावल्यावर पिस्टनवर द्रव अडकून कनेक्टिंग रॉड वाकतो. इंधनाचा डबा घट्ट बंद, राहत्या खोल्यांच्या बाहेर, ऊन आणि ठिणगीपासून लांब.

मग तुमच्या भिंतीवर नेमकं काय येईल? खाली, कमरेच्या उंचीवर ३५ सें.मी. खोल अशी एकच सलग फळी: ट्रक ५६, दोन क्रॉलर मिळून १००, १/८ बगी ५०. बेरीज २०६, म्हणजे अडीच मीटरमध्ये मधली मोकळी जागा धरून बसलं. तिच्या वर ३० सें.मी. सोडून डाव्या अंगाला तिन्ही टूरिंग नाक वर करून, मिळून ७० सें.मी. रुंदीत. उजवीकडे मीटरभराची अरुंद फळी चार छोट्यांसाठी. त्याच्याही वर भिंत उरते, तिथे जास्तीच्या बॉड्या. नायट्रो बाहेर. ट्रकच्या वर थोडी रिकामी जागा राहील, ती तशीच राहू द्या, पुढची गाडी येणारच आहे.

उजेडासाठी एलईडी पट्टी वरच्या फळीच्या पुढच्या कडेला, आतल्या बाजूने लावा. मागच्या कडेला लावली तर गाडीचा नुसता काळा आकार दिसतो. ही भिंत खिडकीच्या समोर येत असेल तर पडदा हवा. फ्लुरोसंट रंग उन्हात सगळ्यात आधी उडतात, आणि टायरच्या बाजूंना बारीक चिरा पडतात. काचेचं दार धूळ थांबवतं, पण त्याला उघडायला जागा लागते. सरकतं दार घ्या, किंवा ज्या गाड्या आठवड्याला निघतात त्यांना दारच नको.

बोट किंवा विमान आणायचा विचार असेल तर एवढंच: बोटीचं झाकण उघडं ठेवून आतून वाळवा आणि ती पाळण्यावर, म्हणजे तिच्या स्टँडवर ठेवा, तळावर नाही. फोमच्या विमानाचे पंख काढून भिंतीला लागून सपाट, तापणाऱ्या जागेपासून दूर.

उरले मूळ खोके. रोजच्या चालवायच्या गाडीचं खोकं उलगडून सपाट करा आणि कपाटामागे सरकवा. टामिया या जपानी कंपनीच्या जुन्या किटचं खोकं असेल, हॉर्नेट किंवा ग्रासहॉपरच्या काळातलं, तर ते मात्र जपा. त्याचं चित्र स्वतःच मांडण्यासारखं असतं, आणि खोक्यासकट गाडीला संग्राहक वेगळा भाव देतात. झाकण फ्रेमसारखं भिंतीवर टांगा. तळाच्या भागात त्याच गाडीचे सुटे भाग, माहितीपुस्तिका आणि जास्तीच्या क्लिपा ठेवल्या की तोही रिकामा पडून राहत नाही.